धंद्यासाठी घेतलेली सेवा भिकार निघाली, तरी पुढच्या वर्षाचे पैसे कापले. चार्जबॅक करावा का?

नाममात्र

आमचं छोटं ऑफिस आहे. ग्राहकांचे ईमेल, फोन, तक्रारी एका जागी दिसाव्यात म्हणून एक सॉफ्टवेअर वार्षिक सबस्क्रिप्शनवर घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी ते आपोआप जोडलं जाईल असं डेमोत दाखवलं होतं आणि त्यासाठीच ते घेतलं. वर्ष संपलं, जोडणी काही झाली नाही. तक्रारीची तिकिटं टाकली की "टीम बघतेय" एवढंच उत्तर. वर ऐन कामाच्या वेळी बंद पडायचं ते वेगळंच.

मुदत संपायच्या बरंच आधी मी आमचं खातं सांभाळणाऱ्या त्यांच्या अकाउंट मॅनेजरला ईमेलने कळवलं की आम्हाला पुढे चालू ठेवायचं नाही. त्याचं उत्तर आलं की जरा थांबा, जोडणी पुढच्या आवृत्तीत येतेय, मी तुम्हाला दर कमी करून देतो. मग तो स्वतःच कंपनी सोडून गेला, आणि मुदत संपली त्या दिवशी कार्डवरून अख्ख्या वर्षाचे पैसे गेले. तेही वाढीव दराने! बिलिंगवाले म्हणतात की सबस्क्रिप्शन पोर्टलमधल्या बटणावरूनच रद्द करायला हवं होतं, ईमेल ग्राह्य नाही.

बँकेला सांगून चार्जबॅक करावा का, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत ओढून घ्यावेत का? सेवा धड नव्हती म्हणून मागच्या वर्षाचेही पैसे मागता येतील का? आणि हे आपल्यावरच उलटू शकतं का? अनुभव असलेल्यांनी लिहा.

सटरफटर

कार्ड ब्लॉक करा. विषय संपला.

रातकिडा

सटरफटर, पैसे गेलेत हो त्यांचे. घोडं पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावून काय उपयोग?

आणि कार्ड बदलल्याने पुढची कापाकापी थांबतेच असंही नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही अशी सोय आहे की बँकेने नवीन कार्ड दिलं की त्याचा नंबर आणि मुदत जुन्या व्यापाऱ्यापर्यंत आपोआप पोचते. बँक आणि व्यापारी दोघेही त्या सोयीत असले तर नवं कार्ड हातात पडायच्या आधी त्यावर खर्च पडू शकतो. आपलं सबस्क्रिप्शन खंडित होऊ नये म्हणून केलेली सेवा म्हणे ही.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे माझ्या नवीन कार्डाची बातमी बायकोच्या आधी त्यांना कळते. चांगलंय.

वाचनमात्र

वाचतेय. आमच्याकडेही हेच चालू आहे, फक्त सॉफ्टवेअर पगारपत्रकाचं.

हिशोबनीस

मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विवाद विभागात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाममात्र, तुमच्या पोस्टमध्ये दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र झाल्यात. "आम्ही रद्द केलं होतं तरी पैसे कापले" ही एक. "सेवा सांगितल्यासारखी नव्हती" ही दुसरी. व्हिसाच्या नियमांत पहिलीला तक्रारीच्या कारणाचा १३.२ हा कोड आहे आणि दुसरीला १३.३. मास्टरकार्डकडे दोन्ही ४८५३ या एकाच कोडाखाली येतात, पण आत पुरावा वेगवेगळाच मागतात. तुमची पहिली तक्रार भक्कम आहे. दुसरी भावनिकदृष्ट्या मोठी आहे, पण सिद्ध करायला अवघड. लोक दोन्हींची खिचडी करून चार पानी रामायण लिहितात. बँकेतला माणूस दिवसाला अशा कितीतरी फायली बघतो, त्याला त्यात रद्द केल्याची तारीख सापडत नाही आणि केस पडते.

तेव्हा अर्जात पहिल्या ओळीत तीन गोष्टी: रद्द केल्याचं अमुक तारखेला लेखी कळवलं, त्याला त्यांच्या माणसाचं उत्तर आलं, त्यानंतर अमुक तारखेला पैसे कापले. ईमेल जोडा. जोडणी झाली नाही वगैरे खाली एका परिच्छेदात.

मुदत: बहुतेक प्रकारांत साधारण १२० दिवस. पण बँका आपल्या ग्राहकाला त्याहून कमी मुदत सांगू शकतात, कारण त्यांनाही कागद करायला वेळ लागतो. म्हणून आजच फोन करा.

मागच्या वर्षाचं विसरा. सेवा पुढे मिळत राहणार असेल तर मोजणी कधी कधी उशिराच्या तारखेपासून होते, पण व्हिसाकडे मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची बाहेरची मर्यादा आहे. आणि मुदतीत बसलं तरी सेवेच्या न वापरलेल्या भागापुरतेच पैसे मागता येतात. तुम्ही वर्षभर लॉगिन केलंय, त्याच्या नोंदी ते काढणारच.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. "हा व्यवहार मी केलेलाच नाही" या पर्यायावर खूण करू नका. बँकेच्या ॲपमध्ये तो सगळ्यात वर असतो आणि झटपट वाटतो. तो फसवणुकीसाठी आहे. तुमचा करार समोर आला की तुम्हीच खोट्या पडाल आणि खरी तक्रारसुद्धा हातची जाईल.

वाचनमात्र

हिशोबनीस, हे सगळं कंपनीच्या नावाच्या कार्डालाही लागू आहे ना?

हिशोबनीस

हो. कार्ड नेटवर्कचे, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डचे, विवादाचे नियम व्यावसायिक कार्डांनाही आहेत. कायदे मात्र सहसा नाहीत. त्यावर कुणी वकील लिहील तर बरं.

पलीकडची_बाजू

आता शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते. मी अशाच एका कंपनीच्या बिलिंगमध्ये काम करते. (नाममात्र यांच्या नव्हे!)

चार्जबॅक आला की आमच्याकडे काय होतं? पहिलं म्हणजे खातं गोठतं. कुणी द्वेषाने करत नाही, यंत्रणाच तशी बांधलेली असते. म्हणजे तुमच्या ग्राहकांचा सगळा पत्रव्यवहार आत अडकला. दुसरं, आम्ही पुरावा पाठवतो: सही केलेला ऑर्डर फॉर्म, अटी मान्य केल्याची वेळ, आणि रद्द केलं म्हणता त्या तारखेनंतरची लॉगिन. ही शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त केसेस जिंकून देते. "नको" असं लिहायचं आणि पुढचे तीन महिने रोज वापरायचं, मग बँक कुणाचं ऐकणार?

तिसरं बहुतेकांना माहीत नसतं. चार्जबॅक जिंकलात म्हणजे पैसे देणं लागत नाही असं सिद्ध होत नाही. तो कार्ड नेटवर्कपुरता निवाडा आहे. करारानुसार थकबाकी म्हणून कंपनी वेगळी मागणी करू शकते, वसुलीवाल्यांकडे देऊ शकते. छोट्या रकमेसाठी सहसा कुणी करत नाही, वार्षिक करारासाठी करतात.

म्हणून क्रम असा: आधी डेटा पूर्ण उतरवून घ्या. जोडलेल्या फायलींसकट, नुसती यादी नको. मग सगळ्यांची लॉगिन बंद. मग लेखी मागणी. मग बँक.

आडवाटेने

पलीकडची_बाजू, प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल आदर आहे, पण "यंत्रणाच तशी बांधलेली" हे वाक्य वाचून डोकं तापलं. यंत्रणा कुणी बांधली? सुरू करताना एका क्लिकवर होतं, डेमोला चार माणसं येतात, आणि रद्द करायचं म्हटलं की पोर्टल, सेटिंग्ज, बिलिंग, "खात्री आहे?", "खरंच खात्री आहे?", "एका प्रतिनिधीशी बोला". ग्राहकाचा डेटा ओलीस धरून पैशाचा वाद सोडवणं याला दुसऱ्या धंद्यात वेगळं नाव आहे.

पलीकडची_बाजू

मी समर्थन करत नाहीये, काय होतं ते सांगतेय. आणि दुसरी बाजूही ऐका. वर्षभर वापरून, शेवटच्या महिन्यात नवीन सॉफ्टवेअर घेऊन, मग "सेवा असमाधानकारक" म्हणून चार्जबॅक टाकणारे रोज येतात. प्रत्येक चार्जबॅकमागे आम्हाला वेगळं शुल्क बसतं, हरलो काय नि जिंकलो काय. प्रमाण फार वाढलं की नेटवर्क देखरेखीखाली आणतं, दंड लावतं.

आडवाटेने

म्हणजे भीती आहे तर. मग ती वापरावी.

कलम_कसाई

हिशोबनीसांनी बोलावलंय म्हणून आलो. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

धंद्यासाठी खरेदी करणाऱ्याला ग्राहक कायद्याची छत्री बहुतेक देशांत मिळत नाही, आणि तिथेच लोक गाफील राहतात. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या "ग्राहक" या व्याख्येतून व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळली आहे. अपवाद एकच: केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून वापर असेल तर, आणि तोही कायद्याच्या शब्दांत घेतलेल्या वस्तूंपुरता. म्हणजे एकटा फ्रीलान्सर कदाचित आत येईल, पगारी माणसं ठेवलेलं ऑफिस सहसा नाही. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या बिलावर लेखी हरकत घ्यायचा ६० दिवसांचा जो कायदेशीर हक्क आहे, तोही धंद्यासाठी कार्डावर केलेल्या उधारीला लागू नाही.

मग उरतो करार. नाममात्र, तीन कलमं काढून वाचा. पहिलं, नूतनीकरणाचं: नोटीस किती दिवस आधी द्यायची आणि दर किती वाढवता येतो. दुसरं "नोटीस" या शीर्षकाचं, शेवटच्या पानांत असतं आणि कुणी वाचत नाही. त्यात ईमेल चालेल असं असेल तर "बटणावरूनच" हा दावा तिथेच ढासळतो. तिसरं, सेवा बंद पडल्याबद्दलचं. तिथे बऱ्याचदा लिहिलेलं असतं की पुढच्या बिलात सूट हा एकमेव उपाय. म्हणजे कितीही वेळा बंद पडलं तरी रोख परत नाही, आणि सूट मागायचीही मुदत असते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या कलमात असेल.

आणखी एक कलम शोधा, "हा करार म्हणजेच दोघांमधला संपूर्ण समझोता" अशा अर्थाचं. ते असेल तर डेमोत तोंडी काय दाखवलं याला फारशी किंमत उरत नाही. जोडणीचा उल्लेख ऑर्डर फॉर्मवर, नाहीतर निदान त्यांच्या ईमेलमध्ये लेखी आहे का?

परदेशी_पाखरू

युरोपातला अनुभव. इकडे बँक खात्यातून थेट पैसे खेचायची सेपा पद्धत आहे. साध्या प्रकारात ८ आठवड्यांच्या आत कारण न देता पैसे परत मागवता येतात. हे ऐकून मी फुशारक्या मारत होतो. मग कळलं की धंद्यांसाठी सेपाचा वेगळा "बी-टू-बी" प्रकार आहे आणि त्यात मंजूर केलेल्या व्यवहाराला परतीचा हक्कच नाही. सही करताना कागदावर कुठला प्रकार लिहिलाय ते बघा. मी पाहिलं आणि दुसऱ्या पुरवठादाराला साध्या प्रकारावर आणलं. कुरकुर केली, पण आले.

अवांतर: जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करारांना वेबसाइटवर "करार रद्द करा" असं स्पष्ट बटण द्यावं लागतं. तेही फक्त ग्राहकांच्या करारांसाठी. धंदेवाल्यांनी आपलं आपण बघावं.

ओळखा_पाहू

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये असाच नियम काढला होता, "जितक्या सहज घेतलं तितक्याच सहज रद्द". गंमत म्हणजे त्यात धंद्यांनी घेतलेली सबस्क्रिप्शनंही धरली होती. जुलै २०२५ मध्ये लागू व्हायच्या तोंडावर अपील न्यायालयाने प्रक्रियेतल्या त्रुटीवरून तो रद्दच केला. नियम रद्द करायला मात्र पोर्टलमध्ये जावं लागलं नाही.

उंटावरचा_शहाणा

+१ शेवटच्या वाक्याला.

आजच्या काळात सोपं रद्द होणारं एकच सबस्क्रिप्शन म्हणजे सकाळी लवकर उठण्याचं. (हलके घ्या)

कोरा_कागद

भारतात दिलेलं कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आवर्ती कपातीआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. आणि रक्कम १५,००० रुपयांवर असेल तर साधारणपणे दर वेळी ओटीपीसारखी वेगळी संमती लागते. वार्षिक रक्कम त्यावर असेल आणि काहीच न विचारता गेली असेल, तर बँकेलाच विचारा की कशी गेली. कुणाशी भांडायचं तेच बदलतं.

रातकिडा

कोरा_कागद, हे डोक्यात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

आडवाटेने

मुळात कार्ड देऊच नये. इन्व्हॉइस मागवा, तपासून पैसे पाठवा. वाद झाला की पैसे आपल्याकडे असतात. आमच्याकडे दर महिन्याच्या सेवाच घेतो, वार्षिक सवलतीचा मोह टाळतो.

हिशोबनीस

अर्धं मान्य. इन्व्हॉइसवर पैसे आपल्याकडे असतात हे खरं, पण एकदा बँक ट्रान्सफर केलात की चार्जबॅक नावाचा प्रकारच नाही. निकृष्ट सेवेसाठी बँक तो पैसा परत आणत नाही. कार्डावर निदान तिसरा पंच असतो.

वाचनमात्र

पण पलीकडची_बाजू यांचा मुद्दा उरतोच ना. एखादी गोष्ट वर्षभर वापरली, मग आवडली नाही म्हणून पैसे परत मागणं नैतिक आहे का? मी आमच्या पगारपत्रकवाल्यांवर चिडलेय, पण पगार निघालेत त्यावर. रडतखडत का होईना.

आडवाटेने

पगार निघाले ते तुमच्या माणसांनी रात्री बसून हाताने दुरुस्त्या केल्या म्हणून. त्या तासांचं बिल कोण देणार?

कलम_कसाई

दोघेही बरोबर आणि म्हणूनच हे न्यायालयात रेंगाळतं. ज्या कामासाठी घेतलं तेच होत नसेल तर तो करारभंग, बाकीची नाराजी ही नाराजी. वाचनमात्र, तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते तुमच्या तिकिटांच्या इतिहासातून कळेल. हाताने केलेल्या दुरुस्त्यांची तारीखवार नोंद आहे का? नसेल तर आजपासून ठेवा.

नाममात्र

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. करार काढला. कलम_कसाई, नोटिसांच्या कलमात चक्क "ईमेलने" असं लिहिलंय, फक्त पत्ता कायदा विभागाचा दिलाय, अकाउंट मॅनेजरचा नाही. जोडणीचा उल्लेख करारात नाही, पण विक्रीवाल्याच्या एका ईमेलमध्ये आहे, "सुरुवातीच्या सेटअपमध्येच करून देऊ" असा. दरवाढीबद्दल लिहिलंय की आधी कळवून वाढवू शकतात. आम्हाला असं काही कळवलेलं नाही.

त्यांनी आता नवीन प्रस्ताव दिलाय: पैसे परत नाही, पण तीन महिने जास्तीचे फुकट आणि वरची योजना.

सटरफटर

जे चालत नाही ते आणखी तीन महिने! काय औदार्य.

पलीकडची_बाजू

हा प्रस्ताव घाईने स्वीकारू नका. स्वीकारलात की नूतनीकरण तुम्ही मान्य केलंत असा अर्थ निघतो आणि आम्ही बँकेला तोच ईमेल पाठवतो. "सूट मिळाली आहे, ग्राहक समाधानी." तसंच, या प्रस्तावाचा अर्थ तुमची फाइल वरच्या कुणाच्या तरी टेबलावर गेलीय. बिलिंगच्या पहिल्या फळीला इतके अधिकार नसतात. आता थेट रिफंड मागायची वेळ आहे.

कलम_कसाई

सहमत. त्या कायदा विभागाच्या पत्त्यावर एकच ईमेल टाका. मजकूर थंड ठेवा: अमुक तारखेला लेखी कळवलं, तुमच्या प्रतिनिधीने ते मिळाल्याचं मान्य करून उत्तर दिलं, थांबायला त्यानेच सांगितलं. दरवाढ कळवली नाही. नूतनीकरणानंतर वापर नाही. रक्कम अमुक तारखेपर्यंत परत करा, अन्यथा कार्ड बँकेकडे विवाद नोंदवू. विशेषणं, उद्गारचिन्हं, समाजमाध्यमांवर बदनामीची धमकी यांतलं काही नको. पत्ता चुकला हा त्यांचा एकमेव बचाव आहे आणि "थांबा" म्हणणारा त्यांचाच माणूस असल्याने तो लंगडा आहे.

हिशोबनीस

त्यात एक भर: दिलेली तारीख १२० दिवस संपायच्या बरीच आधीची हवी. "पुढच्या आठवड्यात कळवतो" असं म्हणत मुदत संपवणं हा जुना खेळ आहे. आणि फोनवर काही ठरलं तर लगेच ईमेल: "आत्ताच्या बोलण्यानुसार..."

उंटावरचा_शहाणा

माझा प्रश्न गंभीर आहे. तो सोडून गेलेला अकाउंट मॅनेजर कुठल्या कंपनीत गेला ते बघा. तिथून काही घेऊ नका.

नाममात्र

धागा वर काढतेय, कारण निकाल लागला. डेटा उतरवला (फायली वेगळ्या उतरवाव्या लागल्या, ती सूचना नसती तर राहिल्याच असत्या), सगळ्यांची लॉगिन बंद केली आणि कलम_कसाईंच्या धाटणीचा ईमेल पाठवला. आधी शांतता. मग बँकेत विवादाची चौकशी केल्याचं कळवल्यावर एका वरिष्ठ बाईंचा फोन आला. नूतनीकरणाचे पैसे एका महिन्याचा आकार वजा करून परत आले. तो महिना डेटा उतरवताना खातं चालू होतं त्याचा. मागच्या वर्षाचं काहीच नाही. जोडणीच्या ईमेलवर मी बरंच बोलले, पण त्या बाई कराराच्या "संपूर्ण समझोता" कलमावरून हलल्या नाहीत. चार्जबॅक टाकावा लागला नाही.

आडवाटेने

अभिनंदन! पण तो एक महिनासुद्धा द्यायला नको होता.

हिशोबनीस

द्यायला हवा होता. त्या महिन्यासाठी भांडला असता तर बाकी अकरा अडकले असते. परत आलेले पैसे त्याच कार्डावर आलेत ना? आणि "पूर्ण व अंतिम" असं काही सही करून घेतलं का त्यांनी?

नाममात्र

त्याच कार्डावर. सही नाही, पण खातं बंद झाल्याचा आणि काही येणं नसल्याचा ईमेल मीच मागून घेतला.

वाचनमात्र

हा शेवटचा ईमेल मागायचा हे मला सुचलं नसतं. बरं, हिशेबात हे कसं दाखवायचं? मूळ इन्व्हॉइस आम्ही कधीच नोंदवून मोकळे झालोय.

कोरा_कागद

त्यांच्याकडून क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) मागवा, नुसता बँकेतला जमा आकडा पुरत नाही. जीएसटीत नोंदणी असेल आणि त्या इन्व्हॉइसवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल, तर परत आलेल्या रकमेपुरतं ते उलटवावं लागतं. वर्षअखेरीची वाट बघू नका. क्रेडिट नोटेवर मूळ इन्व्हॉइसचा क्रमांक आहे का तेवढं आधी तपासा.